पॉलिसी नॉमिनीच्या नजरेने वाचा

आयुर्विमा कंपनीच्या शाखेत माझं टेबल मृत्युदाव्यांचं होतं. पॉलिसी घेतलेला माणूस माझ्यासमोर कधीच यायचा नाही. यायची त्याची बायको, आई, कधी नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. पिशवीतून बॉन्ड काढून पुढ्यात ठेवायचे आणि विचारायचे, "मॅडम, यात किती मिळतील?" आकडा त्याच कागदावर छापलेला असायचा, पण घरात कुणी तो कागद उघडूनच पाहिलेला नसायचा. आता मी निवृत्त आहे, तरी ओळखीचे लोक पॉलिसी समजून घ्यायला येतात. त्यांना मी आधी हेच सांगते की घेणाऱ्याच्या नजरेने वाचू नका, दावा करायला जी व्यक्ती जाणार आहे तिच्या नजरेने वाचा. मॅच्युरिटीला आपल्याला काय मिळेल हे सगळेच विचारतात. मी नसेन तेव्हा हिला किती मिळतील, कधी मिळतील आणि कुठे अडेल, हे विचारायला लागलात की पॉलिसी कळू लागते.

हल्ली पॉलिसी पीडीएफ होऊन ईमेलवर येते. ती छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा.

पहिलं पान

सुरुवातीला चौकटींचा एक तक्ता असतो, त्याला शेड्यूल म्हणतात. त्यात आधी बघा की विमा कुणाच्या आयुष्यावर आहे. प्रश्न बाळबोध वाटेल, पण मुलांच्या नावाने घेतलेल्या पॉलिसींमध्ये इथेच मोठी गफलत होते. वडील हप्ते भरतात म्हणून घरच्यांना वाटतं की वडिलांना काही झालं तर पैसे मिळतील. बऱ्याचशा अशा योजनांमध्ये विमा मुलाच्या आयुष्यावर असतो आणि वडील असतात फक्त प्रस्तावक, म्हणजे प्रपोजर. वडील गेले तर मिळत काही नाही, उलट पुढचे हप्ते भरायचे कुणी हा प्रश्न उभा राहतो. हप्तामाफीचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, घेतलेला असेल तरच ते हप्ते माफ होतात. घरात कमावणारा एकच असेल, तर विमा त्याच्या आयुष्यावर हवा. मुलाच्या नावावर नंतर बघता येईल.

त्याखाली विमा रक्कम असते, म्हणजे सम अश्युअर्ड. एजंटने तोंडी सांगितलेला मोठा आकडा बहुतेक वेळा मॅच्युरिटीचा असतो, त्यात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा बोनस धरलेला असतो. दुसऱ्या वर्षी माणूस गेला तर तो आकडा मिळत नाही. मिळते मूळ विमा रक्कम आणि तोवर साचलेला बोनस. म्हणून शेड्यूलमधल्या सम अश्युअर्डभोवती पेन्सिलने गोल करा आणि 'मृत्यूनंतर मिळणारी रक्कम' या कलमाशी तो ताडून बघा.

मग तारखा. पॉलिसी सुरू झाल्याची तारीख आणि जोखीम सुरू झाल्याची तारीख प्रत्येक वेळी एकच असते असं नाही. लहान मुलांच्या योजनांमध्ये जोखीम काही काळाने सुरू होते. पॉलिसीची मुदत आणि हप्ते भरण्याची मुदत यांतही फरक असू शकतो. बारा वर्षं हप्ते आणि वीस वर्षं पॉलिसी अशी रचना सर्रास असते.

पॉलिसी कुठल्या जातीची

नावं भुलवणारी असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. प्रकार मोजके आहेत. टर्म विम्यात मुदतीच्या आत मृत्यू झाला तर रक्कम मिळते, माणूस जगला-वाचला तर काही मिळत नाही. एंडोमेंटमध्ये दोन्हीकडून मिळतं, मृत्यूनंतरही आणि मुदत संपल्यावरही. मनीबॅक म्हणजे तेच, फक्त मधल्या मधल्या वर्षी थोडे थोडे पैसे परत येतात. होल लाइफमध्ये विमा जवळजवळ जन्मभर चालू राहतो. युलिपमध्ये हप्त्याचा मोठा भाग बाजारात गुंतवला जातो, फंडाचं मूल्य वर-खाली होतं आणि पहिली पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत.

"टर्ममध्ये पैसे बुडतात" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी वाद घालत नाही, कागदावर आकडे मांडते. तुम्हीही मांडा.

समजा, १० लाख विमा रकमेची एंडोमेंट पॉलिसी आहे, २० वर्षांची, वर्षाचा हप्ता ५०,००० रुपये. बोनस हजारी ४० रुपये धरू. हजारी ४० म्हणजे १० लाखांवर वर्षाला ४०,०००, आणि २० वर्षांत ८ लाख. हा साधा बोनस आहे, बोनसवर बोनस चढत नाही. मुदतीअखेर हातात १८ लाख. भरले १० लाख, मिळाले १८ लाख, ऐकायला छान वाटतं. पण पहिला हप्ता २० वर्षं अडकला होता, दुसरा १९ वर्षं, असं धरून हिशेब केला तर परतावा वर्षाला सुमारे ५.३ टक्के पडतो. बोनस दरवर्षी जाहीर होतो, त्यामुळे तो कमी-जास्त होणार. पॉलिसी घेण्याआधी कंपनी जो लाभदर्शक तक्ता सही करायला देते, त्यातही ४ आणि ८ टक्के या दोन गृहीत दरांनी आकडे मांडलेले असतात. त्यातला वरचा आकडा म्हणजे हमी नव्हे. हमी असते तिथे 'गॅरंटीड' असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

परतावा कमी असणं हा काही गुन्हा नाही. ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही अशा कितीतरी घरांत एंडोमेंटच्या मॅच्युरिटीवर मुलांची शिक्षणं झाली आहेत, हे मी स्वतः पाहिलं आहे. माझं दुखणं वेगळं आहे. वर्षाला ५०,००० भरणाऱ्या त्या घराला माणूस लवकर गेल्यावर १० लाखांच्या आसपासच मिळतात. ते सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ६०,००० येतील, म्हणजे महिन्याला ५,०००. पाच हजारांत घर चालतं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

म्हणून विम्याची रक्कम किती असावी याचा हिशेब उलट्या बाजूने करा. घरखर्च महिन्याला ४०,००० असेल आणि त्यातला १०,००० त्या माणसाचा स्वतःचा असेल, तर मागे राहणाऱ्यांना ३०,००० लागणार. वर्षाचे झाले ३ लाख ६० हजार. सहा टक्क्यांनी एवढं व्याज यायला ६० लाख बाजूला हवेत. महागाई वाढतच जाणार, तेव्हा तेही पुरे नाहीत. घरकर्जाचे २० लाख बाकी असतील तर ते वेगळे. मुलांचं शिक्षण वेगळं. यातून पीएफ, ठेवी आणि आधीच्या पॉलिसी वजा करा. मध्यमवर्गीय घराचा आकडा ८० लाख ते एक कोटीच्या घरात सहज जातो, आणि एवढा विमा परवडेल अशा हप्त्यात फक्त टर्ममध्येच बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. त्याआधी टर्मच्या हप्त्यावर १८ टक्के लागत होता.

नोकरीतला ग्रुप विमा या हिशेबात धरू नका. नोकरी सुटली की तो सहसा संपतो.

ज्यांना मोठा हप्ता झेपत नाही त्यांच्यासाठी बँकेतून मिळणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. वर्षाला ४३६ रुपये, विमा २ लाखांचा, १८ ते ५० वयात घेता येते आणि चालू ठेवली तर ५५ वर्षांपर्यंत. हप्ता खात्यातून परस्पर कापला जातो, म्हणून घरच्यांना अनेकदा पत्ताच नसतो. घरात मृत्यू झाला असेल तर गेलेल्या व्यक्तीच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपयांची नोंद आहे का, तेवढं नक्की बघा. असेल तर दावा त्या बँकेच्या शाखेतच दाखल करायचा असतो.

प्रस्तावपत्र, जे कुणी वाचत नाही

पॉलिसीच्या मागे प्रपोजल फॉर्मची प्रत जोडलेली असते. माझ्या टेबलावर दावे अडले ते बहुतेक याच पानांमुळे. फॉर्म एजंट भरतो, आपण खुणा केलेल्या जागी सह्या करतो. त्यात प्रश्न असतात: मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, गेल्या काही वर्षांत इस्पितळात दाखल झाला होता का, तंबाखू खाता का, आधीच्या कुठल्या पॉलिसी आहेत का. सगळीकडे 'नाही' लिहिलं की काम पटकन होतं.

एका बाईंची फाइल मला अजून आठवते. नवऱ्याची साखर वाढलेली होती, गोळ्या चालू होत्या आणि फॉर्मवर 'नाही' होतं. पॉलिसीला दोन वर्षंही झाली नव्हती. मृत्यू हृदयविकाराने झाला. इस्पितळाच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'मधुमेह, सहा वर्षांपासून'. त्या एका ओळीवर दावा अडकला. बाई मला सांगत होत्या, "अहो, एजंटला आम्ही सांगितलं होतं. तो म्हणाला, एवढ्याशा साखरेचं काही लिहावं लागत नाही." खरंही असेल. पण फॉर्मवर सही नवऱ्याची होती.

विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला ती कुठल्याही कारणाने आव्हान देता येत नाही. हे कलम पॉलिसीधारकाची मोठी ढाल आहे. मात्र ही तीन वर्षं पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख किंवा रायडर जोडल्याची तारीख, यांतली जी सर्वांत नंतरची असेल तिथून मोजतात. म्हणजे दहा वर्षं जुनी पॉलिसी हप्ता चुकून बंद पडली आणि तुम्ही ती आरोग्याचं नवं निवेदन देऊन चालू केली, की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. तीन वर्षांच्या आत लपवाछपवी फसवणुकीची ठरली तर हप्तेही जातात. फसवणूक नव्हती, पण महत्त्वाची माहिती चुकीची होती असं ठरलं, तर भरलेले हप्ते तेवढे परत मिळतात.

म्हणून फॉर्म स्वतःच्या हाताने भरा. साखर, थायरॉइड, जुनी शस्त्रक्रिया, सगळं लिहा. फार तर हप्ता थोडा वाढेल किंवा कंपनी जास्तीची तपासणी मागेल. आणि पॉलिसी हातात आली की मागची प्रत पुन्हा वाचा. तुम्ही सांगितलेलं आणि छापलेलं यांत तफावत दिसली तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक काळ असतो. अटी पटल्या नाहीत तर या काळात पॉलिसी परत करता येते आणि तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क, जितके दिवस विमा चालू होता त्याचा हप्ता असं किरकोळ कापून पैसे परत मिळतात. पॉलिसी घेताना एजंट पहिला हप्ता स्वतः भरतो म्हणाला तर नको म्हणा. हप्त्यात अशी सूट देणं आणि घेणं, दोन्हीला कलम ४१ ची बंदी आहे.

नॉमिनी

आता नॉमिनीच्या नावाची ओळ. पंचविशीत, लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर नॉमिनी आई असते. मग लग्न होतं, मुलं होतात, आई जाते, आणि नॉमिनीच्या जागी आईचंच नाव राहतं. अशा वेळी बायकोला वारस असल्याचं सिद्ध करावं लागतं, रक्कम मोठी असेल तर कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणावं लागतं. ज्या दिवसांत घरात पैसे हवेत नेमक्या त्या दिवसांत वकील गाठावा लागतो. नॉमिनी बदलायला एक साधा फॉर्म लागतो आणि तो कितीही वेळा बदलता येतो.

दुसरी अडचण नावाची. पॉलिसीवर बायकोचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, बँकेच्या खात्यावर तिसरंच काहीतरी. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, तर मधलं नावही बदलतं आणि काही घरांत पहिलंसुद्धा. मग विवाह प्रमाणपत्र, राजपत्र, प्रतिज्ञापत्र अशी कागदांची रांग लागते. आज अर्धा तास काढून पॉलिसी, आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि नाव व जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळवून बघा.

नॉमिनी अज्ञान मूल असेल तर अपॉइंटी नेमावा लागतो. मूल सज्ञान होईपर्यंत पैसे त्या व्यक्तीकडे येतात, तेव्हा ती विश्वासाची हवी.

नॉमिनी म्हणजे मालक का, हा प्रश्न मला हमखास येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सांगितलं होतं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा, हक्क वारसांचा. २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात असं आलं की आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर ते लाभार्थी नॉमिनी ठरतात, म्हणजे रक्कम त्यांचीच. तरीसुद्धा वारसांचे वाद कोर्टात जातातच. त्यामुळे मृत्युपत्र करत असाल तर त्यात आणि नॉमिनेशनमध्ये एकच नाव, एकच वाटणी ठेवा.

धंद्यात कर्ज असणाऱ्यांनी आणखी एक करावं. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली विवाहित पुरुषाला बायको-मुलांच्या लाभासाठी पॉलिसी घेता येते. तिचे पैसे ट्रस्टचे मानले जातात, सावकार किंवा बँक त्यावर हात ठेवू शकत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही, आणि लाभार्थी पुन्हा बदलता येत नाहीत. पॉलिसी घरकर्जासाठी बँकेकडे असाइन केली, म्हणजे तिचे हक्क बँकेच्या नावे केले असतील, तर कर्ज फिटल्यावर ती परत आपल्या नावावर करून घ्या. नुसता ना-हरकत दाखला आणून थांबू नका.

हप्ता चुकला तर

मासिक हप्त्याला १५ दिवस, बाकीच्यांना ३० दिवस सवलतीचे मिळतात. या दिवसांत मृत्यू झाला तरी विमा चालू धरतात आणि राहिलेला हप्ता कापून रक्कम देतात. त्यानंतर पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते. टर्म लॅप्स झाली की नॉमिनीच्या हातात काही उरत नाही, म्हणून टर्मचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाईल अशी सोय करा. बंद पडलेली पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत पुन्हा चालू करता येते, युलिप तीन वर्षांत.

एंडोमेंटचे हप्ते काही वर्षं भरून थांबलात तर ती पेडअप होते. वरच्याच उदाहरणात पाच हप्ते भरून थांबलात, तर विमा रक्कम वीसात पाच या प्रमाणात घटून अडीच लाख होते आणि साचलेला बोनस दोन लाख त्यात मिळतो. हे साडेचार लाख मुदत संपल्यावर किंवा मृत्यू झाल्यावर मिळणार. आजच पैसे हवे असतील तर सरेंडर करावी लागते, म्हणजे मुदतीआधीच कंपनीला परत द्यावी लागते, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यात बरंच नुकसान होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असला तरी काही सरेंडर मूल्य मिळण्याची सोय झाली आहे. आधी त्या टप्प्यावर हात हलवत परत यावं लागायचं. सरेंडर करण्याआधी कंपनीकडून पेडअप आणि सरेंडर, दोन्ही आकडे लेखी मागा. पैशांची अडचण तात्पुरती असेल तर पॉलिसीवर कर्ज मिळतं का, ते आधी विचारा.

दावा करताना

मूळ बॉन्ड, मृत्यूचा दाखला, दाव्याचा फॉर्म, नॉमिनीचं ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक, साध्या दाव्याला एवढं पुरतं. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, आणि अपघाताचा रायडर असेल तर त्याची जादा रक्कम वेगळी मागायला विसरू नका. आत्महत्येबद्दल घरचे दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते: पहिल्या १२ महिन्यांत पूर्ण विमा मिळत नाही, साध्या पॉलिसीत भरलेल्या हप्त्यांच्या निदान ८० टक्के आणि युलिपमध्ये फंडाची रक्कम मिळते. त्यानंतर दावा इतर मृत्यूंसारखाच धरतात.

चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत आणि चौकशी लागली तर ४५ दिवसांत मृत्युदावा निकाली काढायचा असा नियम आहे. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. "साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या" हे तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका, अर्ज आवक-जावकमध्ये नोंदवा.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात लोकपालाची कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षात तक्रार करावी लागते. लोकपालाचा निर्णय कंपनीने मानायचा असतो. तुम्हाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळाच राहतो.